आतल्या माणसाची चार मिनिटं

दिनांक ९ जानेवारी, मंगळवार, सकाळी साडेदहा. जागा : यार्डाचं ऑफिस. हजर : स्टेशनचे मुख्य साहेब, शंटिंग इंजिनाचे चालक रज्जाकभाई, शंटिंगचे, म्हणजे यार्डात डबे जोडायचे-सोडवायचे, पॉइंट्समन मन्मथअप्पा, आणि टिपणी लिहायला मी, ट्रेन्स क्लार्क. गैरहजर : कोणी नाही. अप्पांसाठी खुर्ची ठेवली होती, पण ते बसले नाहीत. त्यांच्या बुटांना ग्रीस होतं आणि फरशी नुकतीच पुसली होती, म्हणून दाराच्या चौकटीला पाठ लावून बाहेरच्या बाजूलाच उभे राहिले.

त्या बैठकीची टिपणी एका पानाची झाली. तिच्यात एक ओळ असायला हवी होती, ती मी लिहिली नाही. ती ओळ नाही म्हणून आज आमच्याकडच्या शंटिंगच्या खोल्यांमध्ये भिंतीवर एक सुरक्षा-पत्रक लावलेलं आहे, आणि अप्पांनी जन्मात केली नाही अशी एक चूक त्यात त्यांच्या माथी मारलेली आहे. नाव छापलेलं नाही. पण रुळांवर काम करणाऱ्या सगळ्यांना ते कुणाबद्दल आहे हे ठाऊक आहे. म्हणून अप्पा कसे होते ते लिहिते. स्टेशनचं नाव घालत नाही. नांदेड जिल्ह्यात आहे, एवढं पुरे.

मी लातूरची. बदली होऊन इथे आले तेव्हा या यार्डात मी पहिलीच बाई. ट्रेन्स क्लार्कचं काम म्हणजे याद्यांचं काम. गाडी आली की तिच्या कडेने चालत जायचं, प्रत्येक डब्याचा नंबर उतरवायचा, कुठला डबा कापायचा आणि कुठला कुठे लावायचा ते जुळवायचं. डबा कापणं म्हणजे सोडवणं. रेल्वेत सगळे तसंच म्हणतात. पहिल्याच आठवड्यात मी वही घेऊन एका गाडीच्या कडेने चालले होते, तेवढ्यात इंजिन आणि पहिला डबा यांच्या मधून एक माणूस वाकून बाहेर आला. पन्नाशीचा, काटक, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, घामाने अर्धे पुसलेले. आणि कमरेच्या पट्ट्यात एक वीतभर लोखंडी हँडल खोचलेलं.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“इंजिनाचा जीव,” ते म्हणाले. “माझं आतलं काम होवस्तोर माझ्यापाशी ऱ्हातो. पण बाई, आधी तो पदर खोचा. लोंबतं काय बी घेऊन यार्डात येत जाऊ नका.”

ही आमची ओळख. पदर तिथल्या तिथे खोचला आणि दुसऱ्या दिवसापासून ड्रेस घालून, ओढणी घरी ठेवून यायला लागले.

इंजिनाचा जीव म्हणजे काय, हे मला रज्जाकभाईंनी समजावलं. आमच्या डिझेल इंजिनात पुढे जायचं की मागे हे एका हँडलने ठरतं, आणि ते हँडल उपसून काढता येतं. काढलं की इंजिन धडधडत राहतं, पण जागचं हलू शकत नाही. अप्पांची रीत अशी होती : इंजिन थांबलं की ते चालकाच्या खिडकीखाली जाऊन हात वर करायचे. हँडल हातात पडलं की कमरेला खोचायचे आणि मगच दोन डब्यांच्या मध्ये शिरायचे. आतलं काम झालं, बाहेर आले, की परत खिडकीशी जाऊन हँडल द्यायचे. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. पुस्तकात नव्हतं. त्यांच्या तरुणपणी त्यांच्याबरोबरचा एक माणूस आत असताना इंजिन हललं होतं, एवढंच मला कळलं. त्याबद्दल ते बोलत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “तवापासून मी हँडल मागतो. झालं की.”

आत काय असतं, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या प्रवासी डब्यांना दोन्ही कडांना बफर, म्हणजे मोठ्या लोखंडी थाळ्या असतात, आणि मध्ये आकडा. एका डब्याची जाड कडी दुसऱ्याच्या आकड्यात अडकवून मळसूत्राने आवळलेली असते. शिवाय ब्रेकच्या हवेचे रबरी पाइप. सोडवणारा माणूस बफरखालून वाकून आत जातो, हवेचे दोन कॉक बंद करतो, पाइप सुटा करतो, मळसूत्र ढिलं करतो आणि मग पंधरा-वीस किलोची कडी उचलून आकड्यावरून काढतो. ढिलं होत नसेल तर इंजिनाला थोडं डब्याकडे रेटायला सांगावं लागतं. त्याला म्हणतात ‘दाब’. मालगाडीच्या डब्यांना आता मध्येच एक मोठा जबडा असतो, आणि तो उघडायची दांडी डब्याच्या कडेला, बाहेरच असते. पुस्तकाप्रमाणे माणसाला आत जायची गरज नाही.

“पुस्तक बरोबर हाय,” अप्पा म्हणायचे. “दांडी भायेरूनच उघडती. पण हवेच्या पायपाला हात लावायला पुस्तक येतंय का आत? मीच जातो की.”

नव्या पॉइंट्समनला ते एकच धडा द्यायचे, आणि तो बोटांवर म्हणून घ्यायचे : “आधी हवा, मग भायेर, मग दाब.” म्हणजे आधी आत जाऊन हवेचं काम करा, मग पूर्ण बाहेर या, आणि बाहेर आल्यावरच चालकाला ‘दाब’ म्हणा. “आत उभं राहून दाब म्हणणारा माणूस म्या पाहिला न्हाई,” ते म्हणत. “असता तर त्याचं नाव दुसऱ्यानं सांगितलं असतं, तो सांगाया ऱ्हायला नसता.” हा धडा घेतलेली माणसं आज मुदखेडपासून पार आदिलाबादच्या बाजूपर्यंत कामाला आहेत.

लोंबत्या गोष्टींवर त्यांचा राग होता. गळ्यातलं इष्टलिंग ते कामावर येताना रुमालात बांधून बनियनच्या आत आवळून ठेवत. गमछा नाही, लांब बाह्या नाहीत. एकदा वरून एक अधिकारी तपासणीला आले, गळ्यात टाय. बफर पाहायला वाकले तसा टाय ग्रीसच्या वर झुलायला लागला. अप्पा पुढे झाले. “साहेब, ती जीभ आत घाला.” साहेबांनी टाय शर्टाच्या दोन गुंड्यांच्या मधून आत घातला आणि तपासणी संपेपर्यंत तसाच ठेवला. नंतर रज्जाकभाई दिवसभर हसत होते. “अप्पा, तुम कल खुदा कू बी बोलेंगे, पल्लू खोंसो.”

“तो खाली यार्डात आला तर सांगनारच की.”

रज्जाकभाईंची आणि त्यांची जोडी होती. रज्जाकभाई हँडल देताना रोज काहीतरी बोलायचे. “लेव अप्पा, सोने का है, संभाल के.” नाहीतर, “हँडल लेके जळकोट कू नक्को भागो.” जळकोट हे अप्पांचं गाव. आणि एक दिवस अप्पांनी जवळजवळ तेच केलं.

दुपारी एक गाडी कापून झाली. अप्पा बाहेर आले, तेवढ्यात घरून जेवायला बोलावणं आलं, आणि ते तसेच क्वार्टरकडे जेवायला गेले. हँडल कमरेला. इंजिन उभं. रज्जाकभाई खिडकीतून ओरडतायत, पाठीमागून येणारी गाडी सिग्नलला थांबलेली, आणि अप्पा घरी ज्वारीची भाकरी चुरून खातायत. शोधाशोध झाली, दुसऱ्या इंजिनाचं हँडल आणायला माणूस गेला, आणि चाळीस मिनिटांनी अप्पा हात पुसत परत आले. कमरेला हात गेला आणि चेहरा उतरला.

मी नोंद करताना कारण लिहिलं होतं ‘तांत्रिक’. अशा वेळी सगळे तेच लिहितात. संध्याकाळी अप्पा टेबलाशी आले. त्यांना अक्षरं लावून वाचता येई.

“बाई, हे तांत्रिक काय लिवलंय?”

“असू द्या अप्पा. उगाच तुमच्या नावावर कशाला?”

“कशाला म्हंजी? इंजिन बिगडलं न्हाई. अप्पा जेवाया गेला. तसं लिव्हा. उद्या कुणी त्या इंजिनाला बिनकामी खोलत बसल.”

मी ‘तांत्रिक’ खोडलं आणि ‘पॉइंट्समनच्या चुकीमुळे’ असं लिहिलं. त्यांनी त्याखाली सही केली. त्यांना ताकीद मिळाली. ती त्यांनी घडी घालून खिशात ठेवली आणि कामाला गेले. ते पान अजून माझ्याकडे आहे. मी ते पुष्कळदा काढून पाहिलं आहे.

त्या दिवसानंतर मी माझ्या वहीत एक नवा रकाना आखला. शंटिंगला किती वेळ लागला, त्यात हँडल घेण्या-देण्यात किती गेला. कुणी सांगितलं नव्हतं. मला वेळेचा हिशेब नीट लागला की बरं वाटतं, हे एक. आणि पुन्हा तसं झालं तर लगेच कळावं, हे दुसरं. साधारण चार मिनिटं निघायची. एका गाडीला चार, दिवसाच्या सहा-सात गाड्या, महिन्याचे इतके तास. बेरीज करून मी दर महिन्याला वर पाठवायला लागले.

अप्पांच्या ते लक्षात आलं. “ह्या खान्यात काय लिव्हता?”

“तुमची चार मिनिटं.”

“माझी कशाची? उद्या माझ्या जागी दुसरा गेला तरी तेवढीच लागतील. आतल्या माणसाची हायत ती.” मग म्हणाले, “लिव्हा, लिव्हा. वेळ खरीच लागती.”

माझ्याच रकान्यावरून ९ जानेवारीची बैठक लागली. साहेबांच्या हातात माझी बेरीज होती, व्यवस्थित, रेघा मारून. मला त्याचा अभिमान वाटला होता, हेही लिहून ठेवते.

साहेब म्हणाले, “अप्पा, हँडल मागणं आजपासून बंद. प्रत्येकाला वॉकीटॉकी दिलाय ना? आत जाताना सांगायचं, चालकाने ‘बरं’ म्हणायचं. झालं काम.”

“साहेब, आवाज कुणाचाबी ऱ्हातो. हँडल एकच ऱ्हातं.”

“आणि उद्या सगळी विजेची इंजिनं आली की काय मागणार? वायर?”

“किल्ली मागीन.”

रज्जाकभाई हसले, साहेबही हसले. मग त्यांनी मला विचारलं, “बाई, हँडल काढून देणं नियमात आहे का?”

“नियमात नाही,” मी म्हणाले. ते खरं होतं. देऊ नये असंही नियमात नव्हतं. हेही तितकंच खरं होतं, पण ते कुणी विचारलं नव्हतं.

अप्पा दारातूनच म्हणाले, “मग लिव्हून द्या साहेब. अप्पानं हँडल मागितलं, साहेबानं न्हाई म्हणलं.”

“लिहिणाऱ्या बाई बसल्यात की समोर.”

अप्पा माझ्याकडे वळले. “बाई, तेवढं लिव्हा बरं. बाकीचं तुमचं तुमी बगा. तेवढं एक लिव्हा.”

मी मान हलवली. कच्च्या वहीत पेन्सिलने लिहिलंही. दुपारी पक्की टिपणी टाइप करायच्या वेळी साहेब म्हणाले, “ते अप्पांचं राहू द्या, वैयक्तिक होतं. शंटिंगमधल्या विलंबाबाबत चर्चा झाली, वॉकीटॉकीचा वापर वाढवण्याचं ठरलं. एवढं पुरे.” मी त्यांच्याशी वाद घातला नाही. दडपणही आलं नव्हतं. टिपणी बरोबर एका पानात बसत होती, दुसऱ्या पानावर दीड ओळ जात नव्हती, याचं मला बरंच वाटलं. कारण म्हणून सांगण्यासारखं एवढंच आहे.

त्यानंतर अप्पा वॉकीटॉकीवर बोलून आत जायला लागले. पहिले काही दिवस खिडकीखाली जाऊन सवयीने हात वर व्हायचा. रज्जाकभाई मान हलवायचे, हसायचे नाहीत. अप्पा हात खाली घ्यायचे. माझ्या वहीतला तो रकाना रिकामा राहू लागला. पुढच्या महिन्यापासून मी तो आखलाच नाही.

मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे तीन. रज्जाकभाई भाच्याच्या लग्नाला रजेवर होते आणि इंजिनावर दुसरा चालक होता, चांगला, शांत माणूस. यार्डात दोन ठिकाणी शंटिंग चालू होतं : अप्पा प्रवासी गाडीचं इंजिन कापत होते, आणि तीन रूळ सोडून पलीकडे दुसरी टोळी मालगाडीचे डबे कापत होती. वॉकीटॉकी दोघांचे एकाच वाहिनीवर. मी ऑफिसात होते. टेबलावरच्या यंत्रातून मी ऐकलं : “आत जाऊन राहिलो. हलू नको.” मग चालकाचं “बरं.” मग काही मिनिटं खरखर. आणि मग एक आवाज : “दाब, दाब.”

कडी निघाली होती. पाइप सुटले होते. इंजिन आणि डबा यांच्या बफरांमध्ये टीचभर अंतर पडलं होतं. अप्पा बाहेर यायला वाकले होते आणि आधाराला डावा हात बफरच्या कडेवर ठेवला होता. चालकाने ‘दाब’ ऐकलं आणि दाबलं.

कोपराखालचा हात गेला. मी पोचले तेव्हा ते खडीवर बसले होते, शुद्धीवर होते. चालक खाली उतरून रडत होता. अप्पा त्याला म्हणत होते, “तू ऐकलंस ते केलंस. उठ. गाडीच्या मागं लाल झेंडी लाव आधी.”

चौकशी झाली. माझा जबाब घेतला. इंजिन किती वाजता लागलं, किती वाजता थांबलं, मी मिनिटासह सांगितलं. विचारलं, “‘दाब’ म्हणणारा आवाज जखमी कर्मचाऱ्याचा नव्हता, असं तुम्हाला खात्रीने सांगता येईल?” त्या यंत्रातून सगळ्यांचे आवाज डबड्यात बोलल्यासारखे सारखेच येतात. मी म्हणाले, “खात्रीने नाही सांगता येणार.” पलीकडच्या टोळीचा पॉइंट्समन म्हणाला, आपण ‘दाब’ म्हणालो होतो खरं, पण नेमकं कधी ते आठवत नाही. पूर्वी काही वेगळी पद्धत होती का, ती कुणी बंद केली का, हे कुणी विचारलं नाही. त्यांच्यासमोर माझी टिपणी होती. तिच्यात लिहिलं होतं, चर्चा झाली.

निष्कर्ष असा आला : कर्मचाऱ्याने आत असतानाच दाबण्याची सूचना दिली असावी, निष्काळजीपणा. महिन्याभराने त्याचं पत्रक झालं आणि खोल्याखोल्यांत लागलं. खाली ठळक अक्षरांत : डब्यांच्या मध्ये असताना चालकाला सूचना देऊ नका. म्हणजे अप्पांचाच धडा, आणि तो मोडणारा म्हणून अप्पाच.

निवृत्तीला आठ महिने राहिले असताना ते जळकोटला गेले. त्यांचं जे काही देणं होतं ते कार्यालयाने वेळेवर दिलं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. थंडी पडल्यावर मी मुखेडमार्गे बसने त्यांना भेटायला गेले. अप्पा अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. शेंग गुडघ्याखाली दाबून धरायची आणि उजव्या अंगठ्याने उघडायची, अशी युक्ती बसवली होती. त्यांच्या पत्नी महानंदाकाकू आतून म्हणाल्या, “बगा की बाई, ऐकत न्हाईत. म्हणतात, बसून काय करू.”

चहा झाला. मग अप्पा हळूच म्हणाले, “बाई, हात गेला त्याचं काय न्हाई. पण मी आतून दाब म्हणलो, असं लिवलंय म्हणं. कामून वो? इस्लापूरकडचा एक पोऱ्या माझ्या हाताखाली शिकलेला, आता जमादार झालाय. त्याचा फोन आला. म्हणतो, अप्पा, तुमी असं कसं केलं? त्याला काय सांगू?”

मी कप खाली ठेवला.

“बैठकीत तुमी लिवलं होतं ना, मी हँडल मागितलेलं? तो कागद दाखवा की त्यास्नी. हँडल माझ्यापाशी असतं तर ह्यो सवालच आला नसता. कागद बगितला की कळंल त्यास्नी. मला बाकी काय नको. भिंतीवरचं ते तेवढं काढाया सांगा.”

त्यांना वाटत होतं की कागद आहे. मी लिहून घेते म्हणून मान हलवली होती, आणि बाईंनी मान हलवली म्हणजे लिहिलं, यात त्यांना शंका नव्हती. त्यांनी स्वतःची चूक माझ्याकडून खोडून-दुरुस्त करून लिहवून घेतली होती. मी लिहिलंच नसेल असं त्यांच्या मनात येणार तरी कसं? मी तिथेच सांगायला हवं होतं. अंगणात आम्ही तिघंच होतो. बसला पाऊण तास होता.

मी म्हणाले, “बघते अप्पा.”

“हाव. बगा,” ते म्हणाले आणि पुढची शेंग घेतली. निघताना काकूंनी पिशवीत सोललेली तूर घातली. अप्पा फाटकापर्यंत आले. “रज्जाकला सांगा, जळकोटला आलोय, हँडल न घेता.”

पुढचं दीड वर्ष मी बघत होते. माझ्या कामांच्या यादीत हा विषय दर महिन्याला पुढच्या पानावर जात होता. बाकीचे विषय होत होते. गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि अप्पा तीन दिवसांत गेले. लिंगायत रीतीप्रमाणे शेतात बसवून माती दिली. रज्जाकभाई आणि मी सोबत गेलो. बरीच माणसं रेल्वेची होती, आणि कुणाच्याच गळ्यात गमछा नव्हता. मातीला आलेले, पण अप्पांपुढे आले होते.

परत निघताना काकू मला म्हणाल्या, “बाई, ते शेवटपर्यंत म्हणत व्हते, बाईपाशी कागद हाय, त्या दाखवतील. सापडला का वो?”

रज्जाकभाई माझ्याकडे पाहत होते. त्या बैठकीला तेही होते. टिपणी त्यांनीही नंतर पाहिली होती. बसमध्ये त्यांनी एवढंच विचारलं, “बोले नहीं उनकू?”

“नाही.”

“मैं तो बोलूंगा. अप्पा मांगे, साहब नक्को बोले. मेरे सामने की बात है. कागद पे भी लिख के देता.” आणि दुसऱ्याच दिवशी, तोवर निवृत्त झालेल्या रज्जाकभाईंनी दोन पानं लिहून आणून दिली.

मग मी काम हातात घेतलं. चौकशीचा निष्कर्ष पुन्हा तपासावा, असा अर्ज काकूंच्या नावाने तयार केला. त्यावर त्यांची सही झाली. माझ्या वह्यांच्या, हँडलच्या रकान्याच्या पानांच्या प्रती काढल्या. त्या बैठकीआधी इतक्या वर्षांत एकदाही ते हँडलशिवाय आत गेले नव्हते, हे त्यावरून दिसतं. जेवायला गेले होते त्या दिवसाचं, त्यांच्या सहीचं पानही लावलं. कच्च्या वह्या मी टाकत नाही. तिथली पेन्सिलची ओळ सापडली, अजून वाचता येते. सगळं एका फाइलीत, क्रमाने, वर अनुक्रमणिका.

पण पेन्सिलच्या वहीत असलेली ओळ पक्क्या टिपणीत का नाही, हे फाइलीतून कळत नाही. ते एकच माणूस सांगू शकतं. इथे हे सगळं लिहिता आलं, कारण इथे सही लागत नाही.

अनुक्रमांक पाच : ट्रेन्स क्लार्कचा जबाब. त्यासाठी कोरा कागद फाइलीत लावून ठेवला आहे. वर माझं नाव, हुद्दा आणि तारीख घातली आहे. तारीख आतापर्यंत पाचदा खोडून नवी लिहिली. तिच्याखाली अजून काही लिहिलेलं नाही.